घड्याळातले १६०० मीटर आणि मैदानावरचे १६०० मीटर

जिंतूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं आहे: "सर, पोलीस भरतीची तयारी करतोय. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर हातातल्या बँडवर १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत होतात. तालुक्याच्या मैदानावर चार राउंड मारले की ५:४५ लागतात. रस्त्यावरची तीच पळती मित्राच्या मोबाईलमधलं ॲप १.५२ किलोमीटर दाखवतं. खरं कोणाचं धरायचं? आणि आईला बँड घेऊन दिलाय, तिचे घरातल्या घरात तीन किलोमीटर होतात. ते खरे का?"

आधी उत्तर, मग कारणं. तिघांत मैदान खरं. पण ते नीट आखलेलं असलं आणि तू आतली रेषा धरून पळालास तरच. मोबाईल खऱ्याच्या जवळपास आहे. बँडचा आकडा सोडून दे. तुझी आजची खरी वेळ माझ्या हिशेबाने ५:३७ ते ५:४०च्या दरम्यान आहे. ५:२० नाही, हे वाचून वाईट वाटेल, पण भरतीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावण्याला आहेत आणि तक्त्यात थोड्या सेकंदांनी गुण खाली सरकतात.

हा हिशेब तुझ्याच आकड्यांतून निघतो. मोबाईलचं अंतर बरोबर धरलं तर तू ३२० सेकंदांत १५२० मीटर पळालास, म्हणजे सेकंदाला ४.७५ मीटर. या वेगाने पूर्ण १६०० मीटरला ३३७ सेकंद लागतात, म्हणजे ५:३७. मग मैदानावर ५:४५ का? उरलेल्या आठ सेकंदांपैकी बहुतेक सेकंद तुझ्या रेषेत आहेत. चौघं-पाच जण सोबत पळत असतील तर तू आतल्या रेषेपासून मीटरभर बाहेर पळत असणार. कोणत्याही गोल मैदानावर, ते २०० मीटरचं असो की ४०० मीटरचं, एक मीटर बाहेरून पूर्ण फेरी मारली की ६.२८ मीटर जास्त पळावं लागतं. चार फेऱ्यांचे २५ मीटर झाले. तुझ्या वेगाने त्याला पाच सेकंद लागतात. उरलेले दोन-तीन सेकंद वळणं आणि भुसभुशीत माती खाते. हिशेब जुळला. तुझा दम कमी पडलेला नाही, तू १६२५ मीटर पळालायस.

शाळेच्या २०० मीटरच्या मैदानावर हीच गोष्ट दुप्पट होते. तिथं १६०० ला आठ फेऱ्या, म्हणजे मीटरभर बाहेरून पळणारा पोरगा ५० मीटर, जवळपास दहा सेकंद, फुकट घालवतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात वेग शिकवत नाही, आतली रेषा धरायला शिकवतो. पुढच्याला ओलांडायचं ते सरळ भागात, वळणावर कधीच नाही.

आता बँडकडे येऊ. त्याच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'बिल्ट-इन जीपीएस' असं लिहिलंय का बघ. नसेल, आणि तू मोबाईल सोबत न घेता पळत असशील, तर त्या बँडने तुझं अंतर मोजलेलंच नाही. त्याने पावलं मोजली आणि पावलांना एका ठरलेल्या लांबीने गुणलं. आत एक छोटा हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. हाताचा झोका ओळखून तो पाऊल धरतो. पावलाची लांबी बहुतेक वेळा तू नोंदणी करताना भरलेल्या उंचीवरून काढलेली असते. चालण्यासाठी रूढ गणित उंचीच्या ०.४१५ पट असं आहे, म्हणजे १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं पाऊल ६८ सेंटीमीटरच्या आसपास. पळताना बँड त्यात आपल्या अंदाजाने वाढ करतो. पण सारख्या उंचीच्या दोन पोरांची पळतानाची पावलं कधीच सारखी नसतात. कोणी लांब टांगा टाकतो, कोणी आखूड आणि भराभर.

तुझ्या बाबतीत गणित करून बघू. मिनिटाला १७५ पावलं धरली, या वेगाला ती साधारण तेवढीच पडतात, तर ५:२० मध्ये ९३३ पावलं झाली. बँडने १६०० मीटर दाखवले, म्हणजे त्याने तुझं पाऊल १७१ सेंटीमीटरचं धरलं. खरे १५२० मीटर असतील तर तुझं पाऊल १६३ सेंटीमीटरचं आहे. पावलामागे फरक आठ सेंटीमीटर, चार बोटांएवढा. तेवढ्यावरून ८० मीटर गायब झाले. आणि शेवटच्या ४०० मीटरला दम लागल्यावर पाऊल आखडतं, पण हात तसेच हलत राहतात. बँडला हे फारसं कळत नाही. म्हणजे तू थकायला लागलास की नेमकं तेव्हाच त्याचं अंतर जास्त फुगतं. भरतीच्या तयारीला हा सगळ्यांत घातक दोष आहे, कारण तुला जिथं सुधारायचंय तोच भाग तो झाकून टाकतो.

बँड पावलांवरच चालवायचा असेल तर निदान त्याला तुझं पाऊल सांग. मोजलेल्या ४०० मीटरवर रोजच्या वेगाने पळ, पावलं मनात मोज, ४०० ला त्या संख्येने भाग. बऱ्याच ॲपमध्ये 'स्ट्राइड लेंग्थ' भरायची जागा असते, चालण्याची वेगळी आणि पळण्याची वेगळी. तिथं तो आकडा टाक. फरक पडतो, पण वेग बदलला की पाऊल पुन्हा बदलतं, हे लक्षात ठेव.

मित्राच्या मोबाईलमध्ये जीपीएस आहे, म्हणून तो खऱ्याच्या जवळ गेला. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. घड्याळ किंवा मोबाईल किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो आणि प्रत्येक संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून आपली जागा काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक कोटीव्या भागाची चूक झाली की अंतर ३० मीटरने चुकतं. एवढं नाजूक काम असूनही उघड्या आभाळाखाली मोबाईलची जागा साधारण पाच मीटरच्या आत येते, हे खरंतर मोठं काम आहे. आता बहुतेक घड्याळं अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू यांचेही उपग्रह धरतात. आपल्या इस्रोचं नाविक काही मोबाईलमध्ये आहे. उपग्रह जास्त म्हणजे जागा नक्की व्हायला मदत जास्त.

पण पाच मीटर हा आकडा जागेचा आहे, अंतराचा नाही, आणि घोटाळा इथं होतो. घड्याळ दर सेकंदाला एक ठिपका टाकतं आणि ठिपके जोडून लांबी काढतं. प्रत्येक ठिपका थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे पडला की सरळ रस्त्याची नागमोडी रेघ होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते. त्यामुळे सरळ रस्त्यावर जीपीएसचा कल अंतर वाढवून दाखवण्याकडे असतो. माणूस जितका हळू तितकं हे जास्त. चालणारा सेकंदाला मीटर-सव्वा मीटर पुढे जातो, ठिपक्याची चूक त्याहून मोठी असू शकते. थांबून चप्पल नीट करत असलास तरी ठिपके इकडेतिकडे सरकत राहतात आणि मीटर जमा होत राहतात. हे आवरायला कंपन्या रेघ गुळगुळीत करणारं गणित घालतात. त्याने सरळ रस्त्यावर फायदा होतो, पण वळणावर ती रेघ आतून कापली जाते आणि अंतर घटतं.

बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये हे फार वाढतं. समज, तू २०० मीटरच्या मैदानावर पळतोयस, वळणाची त्रिज्या १८ मीटर आहे. दर सेकंदाला ठिपका पडत असेल तर वळण कापलं जाऊन होणारं नुकसान नगण्य, हजारात तीन. पण घड्याळ दर पाच सेकंदांनी ठिपका टाकत असेल तर तेवढ्यात तू २४ मीटर गेलेला असतोस आणि वळणाऐवजी सरळ रेघ मोजली जाते. वळणांवर सात टक्के अंतर जातं, फेरीमागे आठ मीटर, आठ फेऱ्यांत ६५ मीटर. म्हणजे याच जीपीएसने रस्त्यावर अंतर फुगतं आणि छोट्या मैदानावर आटतं. कधी दोन्ही चुका एकमेकींना मारतात आणि आकडा बरोबर १.६० येतो. पोरं खूश होतात, "सर, एकदम परफेक्ट आहे." त्या दिवशी बरोबर आला, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून १०० मीटरच्या धावेला जीपीएस वापरूच नकोस. सुरुवातीला पाच मीटर इकडे, शेवटी पाच मीटर तिकडे, मग त्यातून निघालेल्या वेळेला अर्थच उरत नाही. १६०० आणि मुलींच्या ८०० मीटरला वापरायचं तर फक्त घड्याळ म्हणून वापर, अंतर जमिनीवर मोजलेलं असू दे. ५ किलोमीटर, १० किलोमीटर, आठवड्याची एकूण पळती याला जीपीएस चांगलं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात किंवा गावाकडच्या उघड्या माळावर बऱ्या घड्याळात किलोमीटरमागे १०-२० मीटरचा फरक राहतो. तेवढा चालतो.

मराठवाड्यात उंच इमारतींची अडचण कमी, पण झाडांची आणि गल्ल्यांची आहे. दाट वडाच्या, चिंचेच्या झाडांखालून रस्ता जात असेल तर पावसाळ्यात ओल्या पानांतून संदेश आणखी क्षीण होऊन येतो. संभाजीनगरात सिटी चौक, गुलमंडीच्या अरुंद गल्ल्यांत संदेश भिंतीवर आपटून घड्याळापर्यंत येतो. आपटून येणारा संदेश जास्त लांबचा प्रवास करून येतो, घड्याळाला वाटतं उपग्रहच लांब आहे, आणि ठिपका शेजारच्या गल्लीत पडतो. अजिंठ्याला लेण्यांसमोरून चालताना हे नीट दिसतं. एका बाजूला उभा कडा, अर्धं आभाळ झाकलेलं. तुमचा मार्ग नकाशावर उघडला तर रेघ कधी दरीत वाघूर नदीच्या पात्रात, कधी कड्याच्या पोटात गेलेली असते. देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, तर संदेश येतच नाही. काही घड्याळं तेवढ्यापुरती पावलं मोजून भागवतात, बाकीची आत शिरलेली आणि बाहेर पडलेली जागा सरळ रेघेने जोडून टाकतात.

दोन वारंवारतांवर संदेश पकडणारी घड्याळं आता येतात, त्यांना 'ड्युअल बँड' म्हणतात. जुनी एल-१ आणि नवी एल-५. एल-५ च्या संदेशात सरळ आलेला आणि आपटून आलेला यांतला फरक जास्त स्पष्ट कळतो. गल्ल्यांत, घाटात, झाडीत त्याचा खरा उपयोग आहे. मोकळ्या रानात पळणाऱ्याला त्यासाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

चढाचं बरेच जण विचारतात. गोगाबाबा टेकडी चढल्यावर घड्याळ चढाचं अंतर धरतं का? नाही धरलं तरी बिघडत नाही. दहा टक्के चढ म्हणजे चांगलाच उभा, त्यावर सपाट १००० मीटरचे चढाचे १००५ होतात. चढाने वेळ वाढतो तो दमाने, अंतराने नाही.

जीपीएसवर पळायचं असेल तर दोन सवयी लाव. एक, पळायला सुरुवात करायच्या आधी उघड्यावर उभा राहा आणि घड्याळाला जागा सापडू दे. प्रत्येक उपग्रह आपल्या मार्गाची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. ती पूर्ण मिळेपर्यंत घड्याळ अंदाजाने चालतं. रोज मोबाईलशी जोडलेलं घड्याळ ही माहिती इंटरनेटवरून आधीच घेऊन ठेवतं, म्हणून लवकर तयार होतं. आठ-पंधरा दिवस न जोडलेलं, किंवा नांदेडहून पुण्याला नेलेलं, जास्त वेळ घेतं. हिरवी खूण दिसल्यावरही मी पोरांना आणखी मिनिटभर थांबवतो. पहिल्या दोनशे मीटरमधली बहुतेक गडबड त्याने जाते. दुसरी सवय मोबाईलची: पळतीच्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळ. स्क्रीन बंद झाली की मोबाईल ॲपला झोपवतो, मग नकाशावर शेतांतून आरपार गेलेल्या सरळ रेघा दिसतात. तसा नकाशा दिसला की त्या दिवसाचं अंतर मोजलंच नाही असं समज.

घड्याळात १०.०२ आणि ॲपवर चढवल्यावर ९.९८ असंही होतं. ठिपके तेच, पण ॲप स्वतःच्या गणिताने पुन्हा लांबी काढतं. त्यावर वेळ घालवू नकोस.

आता मुख्य काम. तुझ्यासाठी जमिनीवर एकदा अंतर मोजून घे. त्यासाठी ५० मीटरची फीत लागते, ती गवंड्याकडे, बांधकाम ठेकेदाराकडे मिळते. कापडी फीत ताणली की वाढते, म्हणून फायबरची किंवा पोलादी घे. गावाबाहेर सरळ, कमी वर्दळीचा रस्ता बघ, शक्यतो पांदण किंवा कालव्याच्या कडेचा. तिघं जण लागतील: एक शून्यावर, एक पन्नासवर, एक खूण करायला आणि गाड्यांकडे लक्ष द्यायला. रस्त्याच्या एकाच कडेने, डांबराच्या काठापासून सारख्या अंतरावर फीत टाकत जा. दर ५० मीटरला खडूची खूण, दर २०० मीटरला ऑइल पेंटची. फीत किती वेळा टाकली हे दोघांनी वेगवेगळं लिहा, कारण मोजणीत सेंटीमीटर चुकत नाहीत, एक अख्खी फीत चुकते. ८०० मीटरला १६ वेळा फीत टाकावी लागते. प्रत्येक वेळी दोन सेंटीमीटर चुकलं तरी एकूण ३२ सेंटीमीटर. कोणतंही मनगटावरचं यंत्र याच्या जवळ येत नाही. ८०० मीटर जाऊन वळून परत आलास की १६०० झाले, वळण एकच. ४०० मीटरचा पट्टा केलास तर तीन वेळा वळावं लागतं आणि प्रत्येक वळणाला वेग मोडतो.

फीत नसेल तर सायकल आहे. मोठमोठ्या मॅरेथॉनचे रस्तेसुद्धा जगभर सायकलनेच मोजतात, चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र लावून. आपण खुणेवर भागवू. पुढच्या टायरवर व्हॉल्व्हजवळ पांढरी खूण कर. फितीने मोजलेल्या १०० मीटरवर सायकल सरळ चालव आणि खूण किती वेळा खाली आली ते मोज. अर्धा-पाव फेरा तारांवरून कळतो. साध्या मोठ्या चाकाच्या सायकलला समज ४५ फेरे आणि अर्धा आला, तर ८०० मीटरला ३६४ फेरे. सायकलवर बसूनच मोज, हातात धरून ढकलत नाही. बसल्यावर टायर दबतो आणि फेरा आखूड होतो. आणि मोजणी सकाळी लवकर कर. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन चढलं की टायरमधली हवा तापून चाक किंचित मोठं होतं. मॅरेथॉन मोजणारे म्हणूनच कामाच्या आधी आणि नंतर, दोनदा चाकाची तपासणी करतात.

मोटारसायकलचा मीटर यासाठी धरू नकोस. झिजलेल्या टायरचा घेर कमी असतो, त्याच अंतरात तो जास्त फिरतो, मीटर जास्त दाखवतो. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मधले २०० मीटरचे छोटे दगड ढोबळ अंदाजाला ठीक आहेत, पण रुंदीकरण झालेल्या, बायपास निघालेल्या रस्त्यावर दगड काढून पुन्हा बसवलेले असतात. वेळ लावायची तर फीतच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे अंधारात रस्त्यावर पळू नकोस. ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि समोरच्याला तू दिसत नाहीस. उजेड होऊ दे. पळायचंच असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळ, आणि छातीवर चमकणारी पट्टी लाव. रस्त्यावर असताना कानात काही घालू नकोस.

मैदान तालुक्याचं असलं तरी तेही एकदा तपासून घे. नियमाचा ४०० मीटरचा ट्रॅक असा असतो: दोन सरळ भाग प्रत्येकी ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, आणि लांबी आतल्या कडेवर न मोजता कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजतात, कारण माणूस कडेवर पाय ठेवून पळत नाही. उंच कड नसून नुसती रेषा असेल तर २० सेंटीमीटर. गावाकडे फक्की मारताना बऱ्याचदा फीत थेट रेषेवरच टाकतात. मग रेषा २०० मीटरची असते आणि पोरं त्याच्या ३० सेंटीमीटर बाहेरून पळतात. फेरीला जवळपास दोन मीटर, आठ फेऱ्यांत १५ मीटर जास्त. कोणी आखलं, फीत कुठं धरली, एवढं विचार. दुसऱ्या लेनमधून पळत असशील तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर तुझी फेरी ४०७ मीटरची आहे, आठव्या लेनमधली ४५३ची. काही महाग घड्याळांत 'ट्रॅक रन' असतं, लेनचा नंबर भरला की ते फेरी ओळखून अंतर दुरुस्त करतं. चांगलं आहे, पण लेन चुकीची भरली तर चूकही पक्की होते.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत पूर्ण करून स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. त्या शर्यतीत पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आत आहे की बाहेर यावर फेरीची लांबी बदलते, म्हणून ती ४०० ची फेरी राहतच नाही, आणि आयोजकांना सुरुवातीची रेषा त्याप्रमाणे मोजून ठरवावी लागते. बीड जिल्ह्यातल्या पोराचा तो आकडा जगात कुठंही मान्य होतो, कारण त्याखालची जमीन मोजलेली आहे. तुझ्या वेळेलाही तेच लागू आहे.

हाफ मॅरेथॉन पळणारे उलट तक्रार करतात: "घड्याळात २१.४ आलं, आयोजकांनी जास्त पळवलं." अंतर २१.०९७५ किलोमीटर असतं. प्रमाणित रस्ता कमी भरू नये म्हणून मोजणारे मुद्दाम किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात, म्हणजे २१ मीटर. तो रस्ताही सगळ्यांत जवळच्या वाटेने, वळणाच्या आतल्या कडेने मोजलेला असतो. गर्दीत तुम्ही बाहेरून वळता, पाण्याच्या टेबलाकडे तिरपे जाता, त्यात घड्याळाची नागमोड. म्हणून २१.३-२१.४ येणं नेहमीचं आहे. रस्ता मोजून प्रमाणित केलेला असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवा. नसेल तर वाद घालण्यासारखं दोघांकडेही काही नाही.

तुझ्या पुढच्या काही आठवड्यांसाठी सांगायचं तर मोजलेल्या ८०० मीटरच्या पट्ट्यावर आठवड्यातून एकदाच पूर्ण १६०० ची वेळ लाव. साधं स्टॉपवॉच पुरे, ते दुसऱ्याने धरावं. इतर दिवशी २००-२०० मीटरच्या खुणांवर वेळ बघ. ५:२० हवे असतील तर प्रत्येक २०० ला ४० सेकंद. पहिले २०० जर ३४ सेकंदांत गेले तर शेवटच्या ४०० ला त्याची किंमत मोजशील. बँडवरचा वेगाचा आकडा पळताना बघू नकोस, तो मागच्या काही सेकंदांचा असतो आणि वर-खाली होतो. हृदयाचे ठोके, झोप, आठवड्याची एकूण पळती यासाठी बँड हातात राहू दे. भरतीसाठी म्हणून नवं घड्याळ घ्यायचा विचार असेल तर घेऊ नकोस. ते पैसे चांगल्या बुटांना आणि खाण्याला लाव. भरतीच्या मैदानावर अंतर आखलेलं असतं, तुझ्या मनगटावर काय आहे याला तिथं जागा नाही.

राहिलं आईचं. घरातले तीन किलोमीटर पूर्ण खरे नाहीत, पण खोटेही नाहीत. भाकरी थापताना, कणीक मळताना, धुणं धुताना हात ठेक्यात हलतो आणि बँड त्याला पाऊल समजतो. उलट ओट्यापासून चुलीपर्यंतची तीन-चार पावलं तो सोडून देतो, कारण बरेच बँड सलग दहाएक पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत. शेतात गेल्यावर तर उलटंच होतं. कापूस वेचताना बाई दिवसभर सरीतून पुढं सरकत असते, पण संथ, आणि हात बोंडांवर. डोक्यावर हंडा घेऊन येताना हात स्थिर असतो. ही खरी मेहनत बँडमध्ये उमटत नाही. तिला संध्याकाळी कमी आकडा दिसला तर "आज कमी चाललीस" असं घरात कोणी म्हणू नये.

तपासायचं असेल तर तिला अंगणात हात मोकळे सोडून मनात मोजत १०० पावलं चालायला सांग आणि बँडने किती धरली ते बघ. ९५ ते १०५ आली तर बँड ठीक. बँड डाव्या हाताला बांधलाय की उजव्या, हे सेटिंगमध्ये बरोबर भरलंय ना तेही पाहा. कामाच्या हातावर बांधला असेल तर दुसऱ्या हातावर घाल, भाकरीची पावलं कमी होतील. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर किलोमीटर सोडा, मिनिटं धरा: संध्याकाळी अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीने. तेवढ्याला भिंतीवरचं घड्याळ पुरतं.